गेरहार्डसेन यांचे तिसरे मंत्रिमंडळ: मंत्री बदलत राहिले, सरकार साडेआठ वर्षे चालले

प्रश्न थोडक्यात असा: युद्धोत्तर नॉर्वेत एइनार गेरहार्डसेन यांचे एक मंत्रिमंडळ १९५५ पासून १९६३ पर्यंत टिकले. पण त्याची यादी पाहिली तर एकाच सरकारात चार अर्थमंत्री दिसतात, कृषिमंत्रीही अनेकदा बदललेले दिसतात. मग याला ‘स्थिर’ सरकार का म्हणायचे? आणि इतके स्थिर होते तर एका कोळशाच्या खाणीमुळे ते पडले कसे?

तुलनात्मक शासनव्यवस्था शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. नॉर्वे हा त्यातला माझा आवडता भाग, कारण भारतीय संसदीय पद्धतीची सवय असलेला विद्यार्थी तिथे हमखास अडखळतो. मीही सुरुवातीला अडखळलो होतो.

आधी तारखा नीट लावून घेऊ, कारण गेरहार्डसेन यांची चार मंत्रिमंडळे आहेत आणि लोक त्यांची सर्रास सरमिसळ करतात. पहिले जून ते नोव्हेंबर १९४५ चे, सर्वपक्षीय, जर्मन ताबा संपल्यावरचे. दुसरे ५ नोव्हेंबर १९४५ ते १९ नोव्हेंबर १९५१, निव्वळ मजूर पक्षाचे. मग मध्ये त्याच पक्षाच्या ओस्कार तोर्प यांचे सरकार. तिसरे २२ जानेवारी १९५५ ते २८ ऑगस्ट १९६३. आणि चौथे २५ सप्टेंबर १९६३ ते ऑक्टोबर १९६५. आपला प्रश्न तिसऱ्याचा. आठ वर्षे, सात महिने आणि वर काही दिवस. युद्धानंतर नॉर्वेत एकच मंत्रिमंडळ सलग इतके चाललेले नाही; अलीकडची स्टोल्टेनबर्ग आणि सोलबर्ग यांची सरकारेही आठ वर्षे भरायला एक-दोन दिवस कमी असतानाच संपली.

आता यादीचा गोंधळ. आपल्याकडे मंत्री व्हायचे तर सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचे सदस्य व्हावेच लागते. नॉर्वेत उलटे आहे. १८१४ च्या राज्यघटनेनुसार मंत्री झालेल्या माणसाला संसदेत, म्हणजे स्टोर्टिंगमध्ये, सदस्य म्हणून बसता येत नाही. तो निवडून आलेला असेल तर त्याच्या जागी त्याच यादीतला पर्यायी सदस्य बसतो. मंत्री सभागृहात येतो, उत्तरे देतो, भांडतो, पण मत देत नाही. गेरहार्डसेन स्वतः ऑस्लोहून निवडून येत आणि पंतप्रधान असेपर्यंत त्यांच्या खुर्चीवर दुसराच कोणी बसे. त्यामुळे मंत्री बदलला तरी संसदेतले बळ बदलत नाही. पोटनिवडणूक नावाचा प्रकारच नाही. बाहेरचा तज्ज्ञ आणून थेट खाते देता येते आणि काम झाले की तो आपल्या मूळ नोकरीवर परत जातो. याचे सर्वांत बोलके उदाहरण पेत्तर याकोब ब्येर्वे यांचे. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाचे ते प्रमुख. १९६० मध्ये अर्थमंत्री झाले, १९६३ मध्ये पायउतार होऊन पुन्हा सांख्यिकी कार्यालयात गेले आणि तिथे १९८० पर्यंत राहिले. आपल्याकडे एखाद्या माजी अर्थमंत्र्याला पुन्हा कार्यालयप्रमुखाच्या खुर्चीत बसलेला कल्पून पाहा.

म्हणून चार अर्थमंत्री हा अस्थिरतेचा पुरावा धरू नका. मोन्स लिड १९५६ पर्यंत, मग त्रिग्वे ब्रात्तेली १९६० पर्यंत, मग ब्येर्वे, आणि शेवटचे काही महिने आंद्रेआस कापेलेन. यातले ब्रात्तेली कुठेही गेले नाहीत, फक्त दळणवळण खात्यात सरकले. कापेलेन आधीपासूनच नगरपालिका आणि कामगार खात्यात होते. गुडमुंड हार्लेम हे डॉक्टर. १९५५ ते १९६१ समाजकल्याण आणि नंतर संरक्षण. (ग्रो हार्लेम ब्रुंटलँड, ज्या पुढे नॉर्वेच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, त्यांचे हे वडील.) पत्ते तेच, फक्त पिसून पुन्हा वाटलेले. एक बदल मृत्यूमुळेही झाला: समाजकल्याणमंत्री ओलाव ब्रूविक १९६२ मध्ये गेले.

जे हलले नाहीत त्यांच्याकडे पाहिले की सरकारचा कणा दिसतो. परराष्ट्रमंत्री हालवार्ड लांगे १९४६ मध्ये त्या खुर्चीत बसले ते १९६५ पर्यंत, मधले चार आठवडे सोडले तर. त्यांचे वडील क्रिस्तियान लांगे १९२१ च्या शांतता नोबेलचे मानकरी. आणि मुलाने देशाला १९४९ मध्ये नाटोत नेले. मत्स्योद्योग खाते निल्स लिसो यांच्याकडे पूर्ण काळ. न्यायखाते १९५५ च्या नोव्हेंबरपासून येन्स हाउगलांड यांच्याकडे. हे हाउगलांड रोजनिशी लिहीत, ती पुढे छापली गेली, आणि मंत्रिमंडळाच्या आतले वातावरण त्यांच्याइतके सांगणारे फार थोडे आहेत. आणि ओसे ब्येर्कहोल्ट. १९५५ मध्ये त्या बिनखात्याच्या मंत्री म्हणून आल्या. पुढच्या वर्षाच्या अखेरीस कुटुंब आणि ग्राहक व्यवहार असे नवे खातेच उघडले गेले आणि ते त्यांना मिळाले. किराणा मालाच्या वेष्टनापासून पाळणाघरापर्यंतचे विषय मंत्रिमंडळाच्या टेबलावर आले. त्या काळात या खात्याची थट्टा झाली. मला ती थट्टा उथळ वाटते. रेशनिंगमधून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशात संसार कसा चालतो हा राजकारणाचा गाभाच होता. खाजगी मोटारींच्या विक्रीवरचे निर्बंध १ ऑक्टोबर १९६० ला उठले, म्हणजे युद्ध संपून पंधरा वर्षे झाल्यावर. यावरून कल्पना यावी.

या लोकांना एकत्र बांधणारी आणखी एक गोष्ट यादीत दिसत नाही. गेरहार्डसेन हे ऑस्लोतले रस्तेकामगार, नंतर महापौर. जर्मनांनी १९४१ मध्ये पकडून त्यांना साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत पाठवले. लांगेही तिथेच होते. ब्रात्तेली ‘रात्र आणि धुके’ या शिक्क्याखालचे कैदी. असे कैदी कुठे नेले हे घरच्यांना कळू द्यायचे नाही, असा नाझींचा हुकूम होता. सुटका झाली तेव्हा ब्रात्तेलींचे वजन ४७ किलो होते. या मंत्रिमंडळाचे पहिले न्यायमंत्री येन्स क्रिस्तियान हाउगे हे सशस्त्र भूमिगत संघटनेचे प्रमुख होते. अशा माणसांमध्ये खात्यावरून रुसवेफुगवे होत नसत असे नाही, भरपूर होत. पण एकमेकांची परीक्षा आधीच झालेली होती.

आता खरा मुद्दा. हे सरकार मंत्रिमंडळाच्या बैठकीत चालत नव्हते. दर शुक्रवारी राजवाड्यात राजासमोर औपचारिक बैठक होई, आजही होते. तिथे निर्णयांवर शिक्कामोर्तब होई, निर्णय होत नसत. निर्णयाची जागा म्हणजे पक्षाचे आणि कामगार महासंघाचे मुख्यालय. पक्षाचे सरचिटणीस होकोन ली १९४५ पासून १९६९ पर्यंत त्या पदावर. महासंघाचे अध्यक्ष कोनराड नूरडाल १९३९ पासून १९६५ पर्यंत. पक्षाध्यक्ष स्वतः गेरहार्डसेन, १९४५ ते १९६५. मंत्री येत-जात राहिले. ही तीन नावे जागची हलली नाहीत. वेतनाची बोलणी, घरबांधणीचा कोटा, दुधाचे भाव, परराष्ट्र धोरणातली भाषा, सगळे आधी इथे ठरे. (होकोन ली आणि त्रिग्वे ली यांची गल्लत करू नका. परीक्षेच्या पेपरात मी ती दरवर्षी पाहिली आहे. त्रिग्वे ली म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे पहिले महासचिव. ते या गोष्टीत शेवटी येतात.)

तिसऱ्या मंत्रिमंडळाचा जन्मही असाच. पंतप्रधान तोर्प यांचा निवडणुकीत पराभव झालेला नव्हता. जानेवारी १९५५ मध्ये पक्षाच्या आतून दबाव वाढला आणि त्यांनी राजीनामा दिला. गेरहार्डसेन तेव्हा संसदेचे अध्यक्ष होते. ते पंतप्रधान झाले आणि तोर्प संसदेचे अध्यक्ष. खुर्च्यांची सरळ अदलाबदल. इतिहासकार येन्स आरूप साइप यांनी १९६३ मध्ये या व्यवस्थेला ‘एकपक्षीय राज्य’ म्हटले. निवडणुका मोकळ्या, वृत्तपत्रे मोकळी, विरोधक मोकळे. तरी हा शब्द नॉर्वेत आजही वापरला जातो, आणि तो अगदीच चुकीचा नाही असे माझे मत आहे. कम्युनिस्टांवर पोलिसांनी ठेवलेली बेकायदा पाळत आणि त्यातले मजूर पक्षाच्या माणसांचे संबंध १९९६ च्या लुंड आयोगाच्या अहवालात बाहेर आले. ‘राष्ट्रपिता’ म्हणून गेरहार्डसेन यांचे चित्र रंगवताना हे पान वगळले जाते. वगळू नये.

कामगिरीबद्दल फार लिहीत नाही, ती कुठल्याही पुस्तकात मिळते. सर्वांना आजारपणाचा विमा, उत्पन्नाची अट न लावता सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन (कायदा १९५७ चा, अंमल १९५९ पासून), आठवड्याचे काम ४८ तासांवरून ४५ वर, नऊ वर्षांच्या शाळेचे प्रयोग. १९५७ च्या निवडणुकीत १५० पैकी ७८ जागा मिळाल्या, त्या याच बळावर.

ठिणगी मात्र घरातूनच पडली, आणि ती परराष्ट्र धोरणाची होती. नाटोत जाणे मजूर पक्षाच्या डाव्या गटाला कधीच पचले नव्हते. आपल्या देशाशी याचा एक खरा धागा आहे. १९५२ मध्ये नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा येथे मच्छीमारीचा प्रकल्प सुरू झाला. यांत्रिक होड्या, बर्फाचा कारखाना वगैरे. संरक्षणावर वाढता खर्च होत असताना नाराज डाव्यांना काहीतरी विधायक दाखवता यावे, हाही त्यामागे एक हेतू होता असे काही अभ्यासक मानतात. केरळातल्या कोळ्यांना अर्थातच ऑस्लोच्या पक्षबैठका ठाऊक नव्हत्या. प्रकल्प तिसऱ्या मंत्रिमंडळाच्या पूर्ण काळात चालू राहिला.

गेरहार्डसेन या नाराजीला ओळखून होते. डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसच्या नाटो परिषदेत त्यांनी नॉर्वेच्या भूमीवर अण्वस्त्रे ठेवण्याचा आपला इरादा नाही असे उघड सांगितले. मित्रराष्ट्रांच्या भुवया उंचावल्या. लांगे आणि होकोन ली यांना हा सूर फारसा रुचणारा नव्हता. १९५८ च्या ईस्टरला पक्षाच्याच अनेक खासदारांनी पश्चिम जर्मनीला अण्वस्त्रे देण्याच्या विरोधात सह्या केल्या, तो ‘ईस्टरचा उठाव’. मे १९६० मध्ये रशियाने पाडलेले अमेरिकेचे यू-२ हेरविमान उत्तर नॉर्वेतल्या बोडोला उतरणार होते हे उघड झाले. सरकारची पंचाईत झाली. होकोन ली यांना शिस्त हवी होती. एका साप्ताहिकाभोवती जमलेल्या डाव्या गटाला १९६१ मध्ये पक्षाबाहेर काढले गेले. त्यांनी तातडीने समाजवादी लोकपक्ष काढला.

सप्टेंबर १९६१ चा निकाल असा लागला: मजूर पक्ष ७४, चार बिगरसमाजवादी पक्ष मिळून ७४, आणि नव्या डाव्या पक्षाचे दोन. फिन गुस्तावसेन ऑस्लोहून, आस्ब्योर्न होल्म नूरलांडहून. पक्षातून काढलेली माणसे तराजूच्या काट्यावर जाऊन बसली. माझ्या मते सरकार पडले ते या रात्रीच. पुढची दोन वर्षे ती बातमी पोचायला लागली.

दोन वर्षे का लागली? एक तर नॉर्वेत नव्या सरकारला विश्वासमत घ्यावे लागत नाही. कोणी विरोधात बहुमत जमवत नाही तोवर सरकार आहेच. दुसरे, चार विरोधी पक्ष युरोपीय सामायिक बाजारपेठेवरून फुटलेले होते. १९६२ च्या एप्रिलमध्ये सदस्यत्वासाठी अर्ज करण्याचा ठराव स्टोर्टिंगने ११३ विरुद्ध ३७ मतांनी केला, आणि त्या ३७ मध्ये दोन्ही बाजूंचे लोक होते. शेतकऱ्यांचा पक्ष विरोधात, उजवा पक्ष उत्साहात. ही माणसे एका सरकारात बसणार कशी? जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनला या बाजारपेठेत घ्यायला नकार दिला, नॉर्वेचा अर्जही आपोआप बाजूला पडला, आणि विरोधकांमधला सर्वांत मोठा अडसर दूर झाला. गेरहार्डसेन यांचे सरकार पाडण्यात द गॉल यांचाही वाटा आहे, असे मी वर्गात सांगत असे. मुले हसत, पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

आणि मग ती खाण. स्वालबार्ड द्वीपसमूहात नी-ऑलेसुंड येथे, ध्रुवाच्या इतक्या जवळ की हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, सरकारी मालकीची किंग्ज बे कोळसा कंपनी होती. ५ नोव्हेंबर १९६२ ला तिथे स्फोट झाला. २१ कामगार मेले. पहिला अपघात असता तर कदाचित तो अपघातच राहिला असता. पण याच खाणींत १९४८, १९५२ आणि १९५३ मध्ये स्फोट होऊन माणसे मेली होती. चौकशी आयोगाचा अहवाल १९६३ च्या उन्हाळ्यात आला आणि तो सुरक्षिततेच्या व्यवस्थेवर कठोर होता. उद्योगमंत्री शेल होलेर जुलैत पायउतार झाले. त्यांच्या जागी आणले गेले त्रिग्वे ली. एके काळी जगाचे तंटे सोडवणारा माणूस आता सरकारी कारखान्यांच्या फायली पाहू लागला.

होलेर गेल्यावर प्रकरण मिटायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल. मिटले नाही, कारण प्रश्न एका मंत्र्याचा नव्हता. युद्धानंतर सरकारने पोलाद, कोळसा अशा उद्योगांत कंपन्या उभ्या केल्या होत्या. त्या कायद्याने स्वतंत्र, पण भागधारक एकटा: उद्योग खाते. चूक झाली तर जबाबदारी संचालक मंडळाची की मंत्र्याची? आणि संसदेला माहिती द्यायची किती आणि केव्हा? विरोधकांचा रोख इथे होता: आधीच्या स्फोटांनंतरच्या सुरक्षिततेबद्दल स्टोर्टिंगला पुरेसे सांगितले गेले नाही. सार्वजनिक उपक्रमांच्या कारभाराचा हा प्रश्न आपल्याला चांगला ओळखीचा आहे. गेरहार्डसेन यांची चूक अशी की त्यांनी हा हल्ला सरकारी उद्योगांवरचा, म्हणजे आपल्या विचारसरणीवरचा, हल्ला मानला. त्यांच्या अनुभवी कानाला सूर ऐकू यायला हवा होता. समोरचे आर्थिक धोरणावर बोलत नव्हते. संसदेच्या अधिकारावर बोलत होते.

उन्हाळ्यात खास अधिवेशन भरले. २० ते २३ ऑगस्ट अशी चर्चा चालली आणि ती रेडिओबरोबर दूरचित्रवाणीवरही दाखवली गेली. नॉर्वेत दूरचित्रवाणीचे अधिकृत उद्घाटन होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. खाणीत मेलेल्या कामगारांबद्दल कामगारांच्याच सरकारला जाब विचारला जातो आहे, हे दृश्य घराघरांत गेले. अविश्वासाचा ठराव ७६ विरुद्ध ७४ मतांनी मंजूर झाला. नव्या डाव्या पक्षाचे ते दोघे विरोधकांबरोबर गेले. एक गोष्ट पुन्हा लक्षात घ्या: मजूर पक्षाच्या ७४ मतांत एकाही मंत्र्याचे मत नव्हते, तरी एकही मत फुटले नाही. पक्षांतरबंदी कायदा नसलेल्या देशात ही शिस्त.

संसद विसर्जित झाली का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. नाही. नॉर्वेत ती विसर्जित करताच येत नाही. चार वर्षांची मुदत म्हणजे चार वर्षे. म्हणून त्याच सभागृहातून दुसरे सरकार काढावे लागले. उजव्या पक्षाचे यॉन लिंग यांनी चार पक्षांचे मंत्रिमंडळ केले. ते चार आठवडे टिकले. दोघा डाव्यांना गेरहार्डसेन यांना धडा शिकवायचा होता, उजव्यांना राज्य द्यायचे नव्हते. त्यांनी मजूर पक्षाबरोबर मत देऊन लिंग यांना घरी पाठवले. २५ सप्टेंबरला गेरहार्डसेन परत. लांगे परराष्ट्र खात्यात परत, त्रिग्वे ली परत, हार्लेम परत. म्हणून कित्येक जण तिसरे आणि चौथे मंत्रिमंडळ एकच धरतात. यादी बनवताना तसे करू नका, मधली फट खरी आहे.

या सगळ्या धामधुमीत एक कागद फारसा कोणी वाचला नाही. १९५८ मध्ये नॉर्वेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने परराष्ट्र खात्याला कळवले होते की देशाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाखाली कोळसा, तेल किंवा गंधक सापडण्याची शक्यता सोडून द्यावी. १९६२ मध्ये अमेरिकी फिलिप्स कंपनीने समुद्रात शोध घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा खात्यातले कायदेतज्ज्ञ सावध झाले. ३१ मे १९६३ ला, म्हणजे पडण्याच्या तीन महिने आधी, याच मंत्रिमंडळाने समुद्रतळावर नॉर्वेचे सार्वभौमत्व जाहीर केले. मोठे तेलक्षेत्र हाती लागायला १९६९ उजाडले. ऑगस्टच्या गाजलेल्या चर्चेचा विषय मात्र कोळसा होता.

लिंग यांच्या त्या चार आठवड्यांना नॉर्वेतले लोक अजून गमतीने घेतात. पण त्यांनी एक गोष्ट करून दाखवली. १९४५ पासून विरोधकांना ‘तुम्हाला एकत्र येऊन सरकार बनवता तरी येईल का’ असे हिणवले जात होते, आणि आता ते बनले होते. नावे, खाती, जाहीरनामा सगळ्यासह. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये मजूर पक्ष ६८ वर आला, त्या चार पक्षांना ८० जागा मिळाल्या आणि पेर बोर्तेन यांचे सरकार पूर्ण बहुमताने बसले. ब्रात्तेली पक्षाध्यक्ष झाले. गेरहार्डसेन १९६९ पर्यंत स्टोर्टिंगमध्ये साधे सदस्य म्हणून बसत राहिले. मंत्री नसल्यामुळे आता त्यांना मत देता येत होते.